कळसूबाईहून बुटके, तरी अवघड

ब्रिटनमधलं सर्वांत उंच शिखर म्हणजे स्कॉटलंडचं बेन नेव्हिस. उंची १३४५ मीटर. आपलं कळसूबाई त्याहून ३०१ मीटरने उंच आहे. साल्हेर उंच आहे, हरिश्चंद्रगडही उंच आहे. महाबळेश्वरच्या विल्सन पॉइंटवर सूर्योदय बघायला मोटारीने गेलेलं कुटुंबसुद्धा बेन नेव्हिसच्या माथ्यापेक्षा वरच उभं असतं.

आणि ही गोष्ट झाली तिथल्या सर्वांत उंच शिखराची. या प्रकरणात ज्यांच्याबद्दल बोलायचं आहे ते डोंगर त्याहूनही बुटके आहेत. स्कॉटलंडच्या वायव्य किनाऱ्यालगत टॉरिडन, अॅसिंट, फिशरफील्ड, नॉयडार्ट आणि स्काय बेट असा हा मुलूख पसरला आहे. बहुतेक नामांकित माथे हजार मीटरच्या आसपासचे. सूलवेन तर अवघा ७३१ मीटर, पण त्याचं चित्र स्कॉटलंडमधल्या निम्म्या कॅलेंडरांवर सापडेल. या डोंगरांत दरवर्षी अनुभवी माणसंही जिवाला मुकतात. चांगले गिर्यारोहक इथे तयार झाले आणि मग हिमालयात गेले. उंचीचा आकडा इथे फसवा का ठरतो? या भागाचं दुर्गमपण निसर्गाने घडवलं की माणसाने? आणि दुसऱ्याच्या मालकीच्या डोंगरावर चालायचा हक्क लोकांनी कसा मिळवला? या तीन प्रश्नांची उत्तरं घेऊन जो इथे चालतो, त्यालाच हे डोंगर नीट दिसतात.

आकडा का फसवतो

पहिलं कारण साधं आहे: चढण कुठून सुरू होते ते बघायला हवं. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर समुद्र अरुंद खाड्यांच्या रूपाने डोंगरांत खोलवर शिरला आहे. टॉरिडनच्या खाडीकाठी गाडी लावून तुम्ही लिआगाख नावाचा डोंगर चढू लागलात, तर १०५५ मीटरचा माथा जवळजवळ समुद्रसपाटीपासून गाठावा लागतो. घाटमाथ्यावरच्या गावातून गड चढणाऱ्याला या चढणीची कल्पना यायची नाही. कोकणातून एका दमात घाटमाथा गाठणाऱ्याला येईल.

दुसरं कारण अक्षांश. टॉरिडन साडेसत्तावन्न अंश उत्तरेवर आहे, म्हणजे मॉस्कोच्याही उत्तरेला. अटलांटिकच्या उबदार प्रवाहामुळे किनाऱ्यावरचा हिवाळा मॉस्कोइतका कडक नसतो, पण जसजसं वर जावं तसतशी ही ऊब ओसरते. पाच-सहाशे मीटरच्या वर झाडं जगत नाहीत. त्यावर नुसतं गवत, शेवाळ आणि कातळ. जूनमध्ये दिवस अठरा तासांचा असतो आणि रात्री दहालाही नकाशा वाचता येतो. डिसेंबरमध्ये तोच दिवस साडेसहा तासांवर येतो. सकाळी नऊला निघालेला माणूस दुपारी साडेतीनला अंधारात सापडू शकतो.

तिसरं आणि सर्वांत मोठं कारण हवामान. अटलांटिकवरून येणाऱ्या बाष्पभरल्या वाऱ्याला अडवणारी पहिली भिंत म्हणजे हे डोंगर. सह्याद्री हेच काम जून ते सप्टेंबर करतो. इथे ते बाराही महिने चालतं. या हवेची शिस्तशीर नोंद ठेवायला १८८१ च्या उन्हाळ्यात क्लेमेंट रॅग नावाचा हवामानशास्त्रज्ञ बेन नेव्हिस रोज चढायचा आणि त्याच वेळी त्याची बायको पायथ्याशी नोंदी घ्यायची. पुढे १८८३ मध्ये माथ्यावर वेधशाळाच बांधली गेली. १९०४ मध्ये पैशाअभावी ती बंद पडेपर्यंत निरीक्षक दर तासाला, रात्रीबेरात्री, हिमवादळातही बाहेर पडून आकडे टिपत राहिले. त्या नोंदींनुसार माथ्यावर वर्षाला सरासरी चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि बर्फ पडतं, आणि वर्षभराचं सरासरी तापमान शून्याच्या किंचित खालीच राहतं. स्कॉटलंडच्या पूर्वेकडच्या केर्नगॉर्म शिखरावर २० मार्च १९८६ रोजी वाऱ्याचा एक झोत ताशी १७३ मैल, म्हणजे जवळपास २७८ किलोमीटर वेगाचा नोंदला गेला. इतक्या वाऱ्यात माणूस उभा राहणं सोडाच, रांगूही शकत नाही.

बेन नेव्हिसच्या वेधशाळेने विज्ञानाला एक अनपेक्षित देणगी दिली. सप्टेंबर १८९४ मध्ये चार्ल्स विल्सन हा तरुण भौतिकशास्त्रज्ञ काही दिवस तिथे कामाला होता. एके सकाळी खालच्या ढगावर त्याला स्वतःची सावली दिसली आणि तिच्याभोवती रंगीत कडं. कोकणकड्यावर पावसाळ्याच्या सुमारास नशीबवान भटक्याला दिसणारं इंद्रवज्र ते हेच. विल्सनने तो देखावा प्रयोगशाळेत उभा करायचं ठरवलं आणि काचेच्या भांड्यात ढग तयार करू लागला. त्यातून जे उपकरण जन्माला आलं, त्यात अणूच्या पोटातून सुटलेल्या कणांचे माग डोळ्यांना दिसू लागले. १९२७ मध्ये विल्सनला त्यासाठी भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

पायाखालचा दगड

सह्याद्रीत फिरणाऱ्याला टॉरिडनचे डोंगर पहिल्या नजरेत ओळखीचे वाटतात. एकावर एक आडवे थर, थरांमध्ये गवताच्या पट्ट्या, मधून तुटलेले कडे. पण आपले थर लाव्ह्याचे आहेत, ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे. टॉरिडनचे थर वाळूच्या खडकाचे आहेत आणि त्यांचं वय सुमारे १०० कोटी वर्षं आहे. तेव्हा जमिनीवर गवताचं पातंही नव्हतं. उघड्याबोडक्या डोंगरांवरून वाहत आलेल्या नद्यांनी लाल-तपकिरी वाळू किलोमीटरच्या किलोमीटर जाडीने इथे आणून टाकली. ती वाळू ज्या तळावर बसली तो नाइस हा करडा, पट्टेदार खडक तर ३०० कोटी वर्षांपर्यंत मागे जातो. काही माथ्यांवर अजून एक थर आहे, पांढऱ्या क्वार्ट्झाइटचा. तो पन्नास कोटी वर्षांहून थोडा जुना. ऊन पडलं की दुरून माथ्यावर बर्फ असल्याचा भास होतो.

चालणाऱ्याच्या दृष्टीने या तिन्ही दगडांचे स्वभाव वेगळे. वाळूचा खडक खरखरीत. ओला असला तरी बूट धरून ठेवतो. पण त्याचे थर पायऱ्यांसारखे असल्याने उतरताना वरून सगळं सोपं दिसतं आणि एका टप्प्यावर अचानक खाली कडा येतो. लिआगाखवर दाट धुक्यात घाईघाईने उतरायला गेलेले लोक असेच अडकतात. क्वार्ट्झाइट फुटून त्याचा घसारा होतो, आणि ओला झाला की तो काचेइतका निसरडा. नाइसच्या सखल प्रदेशात पाणी मुरत नाही, म्हणून तिथे शेकडो लहान तळी आणि त्यांच्यामधून दलदल. नकाशावर दोन किलोमीटर दिसणारं अंतर तळ्यांना वळसे घालत चारचं होतं.

अॅसिंट भागात तर भूशास्त्रज्ञांना कोडं पडलं होतं. जुने खडक नव्या खडकांच्या डोक्यावर बसलेले दिसत होते. खालचं जुनं आणि वरचं नवं हा नियम इथे उलटा का? एकोणिसाव्या शतकात यावर कडाक्याचे वाद झाले. शेवटी बेन पीच आणि जॉन हॉर्न या सरकारी सर्वेक्षकांनी वर्षानुवर्षं हे डोंगर पायाखाली घालून नकाशे काढले आणि १९०७ मध्ये आपला प्रचंड अहवाल प्रसिद्ध केला. जुन्या खडकांचे अवाढव्य पत्रे कित्येक किलोमीटर पश्चिमेला ढकलले जाऊन नव्या खडकांवर चढले, हे त्यांनी सिद्ध केलं. सुमारे ४३ कोटी वर्षांपूर्वी दोन भूखंडांची टक्कर झाली तेव्हा हे घडलं. हिमालयासारख्या पर्वतांची रचना समजायला पुढे ही कल्पना उपयोगी पडली. नॉकन क्रॅग इथे हा सांधा कड्यावर हाताने दाखवता येतो. वरचा दगड जुना, खालचा नवा.

शेवटचा हात बर्फाने फिरवला. सुमारे साडेअकरा हजार वर्षांपूर्वीपर्यंत इथे हिमनद्या होत्या. त्यांनी डोंगरांच्या कुशी खरवडून अर्धगोल कोनाडे केले आणि दोन कोनाडे पाठीला पाठ लावून खोल होत गेले तिथे मधे नुसती धार उरली. आन चॅलाख (१०६२ मीटर) आणि लिआगाख यांच्या माथ्यावरून चालणं म्हणजे या धारेवरून चालणं. दोन्ही बाजूंना दृष्टिभय, मधेमधे सुळक्यांची रांग. ज्यांना ते सोसत नाही त्यांच्यासाठी सुळक्यांना बगल देऊन जाणारी आडवी पायवाट आहे. पण तीही झिजून ढासळत चालली आहे, आणि ओल्या दिवसात तीच जास्त धोक्याची.

स्काय बेटावरचे कूलिन डोंगर मात्र याहून तरुण; सुमारे सहा कोटी वर्षांचे, म्हणजे आपल्या दख्खनच्या पठाराहूनही थोडे धाकटे. तिथेही तेव्हा लाव्हा वाहिला. बेटाच्या उत्तर भागातले बेसॉल्टचे कडे पाहिले की मराठी माणसाला घरची आठवण होते. कूलिन मात्र जमिनीखालीच थिजलेल्या शिलारसाच्या गॅब्रो या खडकाचे आहेत. गॅब्रो इतका खडबडीत की दिवसभरात बोटांची सालटी निघतात, पण पकड अशी की उभ्या कातळावरही विश्वास बसतो. खडकात लोह असल्याने होकायंत्राची सुई मात्र काही जागी भलतीकडे वळते. धुक्यात होकायंत्रावरही भरवसा नाही, हे कूलिनचं खास संकट.

यादीचं वेड

१८९१ मध्ये सर ह्यू मन्रो या जमीनदार गिर्यारोहकाने स्कॉटिश माउंटेनियरिंग क्लबच्या नियतकालिकात एक तक्ता छापला. ३००० फूट, म्हणजे ९१४.४ मीटरहून उंच असलेल्या स्कॉटलंडमधल्या सगळ्या शिखरांची ती यादी होती. तोवर असे डोंगर तीसेक असतील असा समज होता. मन्रोने २८३ स्वतंत्र डोंगर मोजून दाखवले आणि सगळे चकित झाले. आज या यादीतल्या डोंगराला 'मन्रो'च म्हणतात आणि ती सगळी शिखरं सर करणं हा ब्रिटनमधला एक मोठा छंद आहे. हजारो लोकांनी ती यादी पुरी केली आहे.

ए. ई. रॉबर्टसन या पाद्र्याने १९०१ मध्ये यादी पुरी केल्याचा पहिला दावा केला. शेवटच्या माथ्यावर त्याने आधी दगडांच्या ढिगाचं आणि मग बायकोचं चुंबन घेतलं असं सांगतात. पुढे त्याच्या रोजनिशीवरून एका शिखराबद्दल शंका काढण्यात आली. पावसामुळे तो तिथून मागे फिरला असावा. खुद्द मन्रोची यादी अपुरीच राहिली. स्कायवरच्या स्गूर जेरागच्या माथ्यावर दगडाचं एक उभं पातं आहे, त्याला 'अगम्य सुळका' म्हणतात. १८८० मध्ये पिल्किंग्टन बंधूंनी तो प्रथम सर केला. दोराशिवाय सामान्य माणसाने जाऊ नये असं यादीतलं हे एकच शिखर, आणि १९१९ मध्ये मन्रो वारला तेव्हा ते त्याचं राहूनच गेलं होतं.

यादी आजही हलते. २०१२ मध्ये फिशरफील्डमधल्या बेन अ ख्लाइवची नव्याने मोजणी झाली. उंची भरली ९१३.९६ मीटर, म्हणजे अर्ध्या मीटरहूनही कमी फरकाने डोंगर यादीबाहेर गेला. आता मन्रो २८२ आहेत. पण या यादीमुळे लोक तीच तीच शिखरं तुडवतात आणि ३००० फुटांना जरासे कमी पडणारे सुंदर डोंगर ओस राहतात, ही तक्रारही खरी आहे. सूलवेन मन्रोच्या यादीत बसत नाही. ज्याला वेळ आहे त्याने यादी घरी ठेवून सूलवेनला जावं.

या भागाच्या इतिहासात एक पान आपल्या उपखंडाचंही आहे. १८९९ मध्ये मेजर चार्ल्स ब्रूस हा हिंदुस्थानी सैन्यातला अधिकारी हरकबीर थापा या गुरखा जवानाला घेऊन स्कायवर आला. स्लिगाखनच्या हॉटेलातून समोरचा ७७५ मीटर उंच ग्लामेग डोंगर चढून परत यायला हरकबीरला जो वेळ लागला, त्यावर तिथल्या जमीनदाराचा विश्वास बसेना. हरकबीर पुन्हा धावला, अनवाणी. दलदल, घसारा, चढण, सगळं धरून जाऊन-येऊन ५५ मिनिटं. ग्लामेगवर आजही दरवर्षी शर्यत होते. याच स्लिगाखनमध्ये रसायनशास्त्रज्ञ नॉर्मन कॉली उन्हाळे काढायचा. १८९५ मध्ये तो ममरी या गिर्यारोहकाबरोबर नंगा पर्वतावर गेला होता. आठ हजार मीटरच्या शिखरावरचा तो पहिला प्रयत्न. ममरी आणि दोन गुरखे, रघुबीर थापा आणि गोमन सिंग, तिथून परतले नाहीत. कॉलीने आयुष्याचे शेवटचे दिवस कूलिनच्या पायथ्याशी काढले आणि आपला स्थानिक वाटाड्या जॉन मॅकेन्झी याच्या शेजारी त्याला पुरण्यात आलं.

रिकामे डोंगर, रिकामे केलेले

पर्यटनाच्या पुस्तकांत या भागाचं वर्णन 'युरोपातलं शेवटचं अरण्य' अशा थाटाचं असतं. मैलोन् मैल घर नाही, शेत नाही, माणूस नाही. फिशरफील्डमधलं आ व्हायजन हे शिखर रस्त्यापासून सर्वांत दूर असलेल्या मन्रोंपैकी एक. तिथे पोचून परत यायला धडधाकट माणसालाही बहुधा मुक्काम करावा लागतो. पण दऱ्यांमधून चालताना जरा खाली बघावं. ओढ्याकाठी हिरव्यागार गवताचा चौकोन दिसतो, त्यात गुडघाभर उंचीच्या दगडी भिंती, आणि शेजारी उतारावर समांतर वरंबे. ही घरं होती आणि ते वरंबे बटाट्याच्या वाफ्यांचे आहेत.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून पुढची शंभर वर्षं हायलंड्स या स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखातल्या जमीनदारांनी कुळांना हुसकावून जमिनी मेंढपाळांना दिल्या, कारण मेंढ्यांचं भाडं जास्त येत होतं. सदरलंड परगण्यात घरांची छपरं पेटवून देण्यात आली. नॉयडार्टमध्ये १८५३ साली तीनशेहून अधिक माणसांना सिलरी नावाच्या जहाजात बसवून कॅनडाला पाठवलं गेलं. जे गेले नाहीत त्यांची घरं पाडली. १८४६ पासून बटाट्याच्या पिकावर रोग पडला आणि उपासमार सुरू झाली, तेव्हा लोकांना रस्त्याच्या कामाला लावून मजुरी म्हणून पीठ देण्यात आलं. आन चॅलाखच्या पायथ्याशी जाणारा असाच एक रस्ता आजही दुष्काळी नावानेच ओळखला जातो. आपल्याकडच्या दुष्काळी कामांची हकिगत ज्यांना माहीत आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको.

पुढे लोकरीचा भाव पडला आणि मेंढ्यांच्या जागी हरणं आली. श्रीमंतांच्या शिकारीसाठी मोठाले डोंगर राखून ठेवले गेले. हरणांना खाणारे लांडगे तर कधीच संपले होते. त्यामुळे जमिनीतून वर आलेलं झाडाचं रोप हरणाच्या तोंडातून सुटत नाही आणि डोंगर उघडे ते उघडेच राहतात. काही ठिकाणी आता कुंपण घालून किंवा हरणांची संख्या कमी करून पाइनची जंगलं परत आणायचे प्रयत्न चालू आहेत. टॉरिडनचा बेन एय हा १९५१ मध्ये ब्रिटनमधला पहिला राष्ट्रीय निसर्ग राखीव भाग झाला, तो उरल्यासुरल्या जुन्या पाइन वृक्षांसाठीच.

माणसं मात्र सगळीच गप्प बसली नाहीत. १९४८ मध्ये नॉयडार्टच्या सात माणसांनी पडीक जमिनीवर आपल्या हद्दी आखल्या. कोर्टात ते हरले, पण ती गोष्ट विसरली गेली नाही. १९९३ मध्ये अॅसिंटच्या छोट्या कुळांनी वर्गणी गोळा करून आपली जमीन विकत घेतली. १९९९ मध्ये नॉयडार्टची साडेसतरा हजार एकर जमीन तिथल्या लोकांच्या संस्थेच्या हाती आली आणि २००५ मध्ये सूलवेन डोंगरही गावकऱ्यांच्या मालकीचा झाला. नॉयडार्टमधल्या इन्व्हरी गावाला आजही बाहेरून मोटाररस्ता नाही. मालेगहून बोटीने जायचं, नाहीतर पाठीवर सामान घेऊन डोंगर ओलांडून चालत.

चालायचा हक्क

जमीन एकाची, चालणारा दुसरा, हे भांडण इथे जुनं आहे. १८४७ मध्ये एडिंबरा विद्यापीठातले वनस्पतीशास्त्राचे प्राध्यापक जॉन हटन बॅल्फोर विद्यार्थ्यांना घेऊन ग्लेन टिल्ट या दरीतून निघाले असताना अॅथॉलच्या ड्यूकने आपल्या माणसांसह त्यांची वाट अडवली. प्रकरण कोर्टात गेलं आणि ती जुनी वाट लोकांची आहे हे मान्य झालं. १८८४ मध्ये जेम्स ब्राइस या खासदाराने डोंगरांवर मुक्त संचाराचं विधेयक संसदेत आणलं. ते पास झालं नाही. पुन्हा पुन्हा आणलं, पुन्हा पुन्हा पडलं.

अखेर स्कॉटलंडच्या स्वतःच्या संसदेने २००३ मध्ये जमीन सुधारणा कायदा केला. त्यानुसार जवळपास सगळ्या जमिनीवर आणि अंतर्गत पाण्यावर कुणालाही, स्कॉटिश असो वा परदेशी, पायी, सायकलने, घोड्यावरून किंवा होडीतून जायचा हक्क आहे. रात्री छोटा तंबू ठोकून राहायचाही आहे. घराच्या आसपासची खासगी जागा, उभं पीक आणि मोटारवाहनं वगळली आहेत. हक्काला एक अट आहे: तो जबाबदारीने वापरायचा. मेंढ्या विणायच्या दिवसांत कुत्रा मोकळा सोडायचा नाही. फाटक जसं होतं तसं ठेवायचं. ऑगस्टच्या मध्यापासून २० ऑक्टोबरपर्यंत हरणांच्या शिकारीचा मुख्य हंगाम असतो, तेव्हा कुठल्या डोंगरावर शिकार आहे याची चौकशी करून वाट ठरवायची. इंग्लंडमध्ये एवढी मोकळीक आजही नाही.

याच मोकळेपणाचं दुसरं रूप म्हणजे बॉथी. मेंढपाळांची, शिकारी रखवालदारांची सोडून दिलेली दगडी घरं १९६५ मध्ये स्थापन झालेल्या माउंटन बॉथीज असोसिएशनचे स्वयंसेवक दुरुस्त करून राखतात. अशी सुमारे शंभर घरं आहेत. कुलूप नाही, भाडं नाही, आरक्षण नाही. वीज, नळ आणि संडासही नाही. झोपायला लाकडी फळी, एखादी शेकोटीची जागा, इतकंच. जळण आपण न्यायचं आणि कचरा आपण परत आणायचा. फिशरफील्डमधली शेनावाल ही अशीच एक प्रसिद्ध बॉथी. आपल्याकडे गडावरच्या गुहेत किंवा देवळात मुक्काम करणाऱ्याला हा शिष्टाचार नवा नाही.

तिथे चालायचं तर

अंतराचा हिशेब करायला स्कॉटिश माउंटेनियरिंग क्लबच्या संस्थापकांपैकी एक, विल्यम नेस्मिथ याने १८९२ मध्ये एक नियम दिला. तो आजही जगभर चालतो: सपाटीवर तासाला पाच किलोमीटर धरा आणि दर सहाशे मीटर चढणीला एक तास जास्त. वीस किलोमीटर अंतर आणि बाराशे मीटर चढ असेल तर चार अधिक दोन, सहा तास. यात विश्रांती, दलदल, घसारा, उलटा वारा काही धरलेलं नाही. फिशरफील्डसाठी या हिशेबात निम्म्याइतकी भर घालावी.

वाटेबद्दलची आपली समजूत इथे बदलावी लागते. सह्याद्रीत वाट चुकली तर खाली कुठेतरी वाडी सापडते, गुराखी भेटतो, ढोरवाट मिळते. इथे विचारायला माणूस नाही. मळलेली वाट बहुधा शेवटच्या खिंडीपर्यंत असते आणि पुढे संपते. फोर्ट विल्यमहून देशाच्या वायव्य टोकापर्यंत जाणाऱ्या सुमारे ३७० किलोमीटरच्या केप रॅथ ट्रेलवर तर दिशादर्शक खुणाच नाहीत. म्हणून कागदी नकाशा आणि होकायंत्र वापरता येणं ही पूर्वअट आहे. मोबाइलची रेंज दऱ्यांत नसते आणि थंडीत बॅटरी उतरते.

नद्यांना पूल क्वचितच असतात. शेनावालहून पुढच्या डोंगरांकडे जाताना नदी पाण्यातून ओलांडावी लागते. सकाळी घोट्याइतकं पाणी संध्याकाळी पाऊस पडून मांडीपर्यंत येतं आणि परतीची वाट बंद होते. अशा वेळी पाणी उतरेपर्यंत थांबायचं. घाईने उतरलेल्यांना नदीने नेल्याची उदाहरणं आहेत.

मे आणि जूनचा पहिला पंधरवडा सर्वांत चांगला. पाऊस तुलनेने कमी, उजेड भरपूर. त्यानंतर सप्टेंबरपर्यंत मिज नावाच्या बारीक चावऱ्या माश्यांचं राज्य असतं. ताशी दहा-बारा किलोमीटरचा वारा असला की त्या उडत नाहीत, म्हणून तंबू ओढ्याच्या आडोशाला न लावता वाऱ्यावर लावायचा. गवतातल्या गोचिडीमुळे लाइम हा आजार होऊ शकतो; रोज रात्री अंग तपासायचं. हिवाळ्यात हेच डोंगर वेगळे होतात. तेव्हा बर्फाची कुऱ्हाड आणि बुटांना लावायचे खिळे नुसते जवळ असून भागत नाही, वापरता यावे लागतात. टॉरिडनसह सहा भागांसाठी हिमप्रपाताचा अंदाज हंगामात रोज प्रसिद्ध होतो, तो वाचल्याशिवाय कुणी बाहेर पडू नये.

संकट आलं तर मदतीला येणारी पथकं बहुतांशी स्वयंसेवकांची असतात आणि ती पैसे घेत नाहीत. ही व्यवस्था अपघातांतून शिकत घडली. मार्च १९५१ मध्ये हवाई दलाचं लँकेस्टर विमान बेन एयच्या कड्याजवळ कोसळलं आणि आतली आठही माणसं दगावली. त्या कड्यावर हिवाळ्यात चढायचं कौशल्य बचाव पथकाकडे नव्हतं. शेवटचा मृतदेह खाली आणायला ऑगस्ट उजाडला. त्यानंतर हवाई दलाच्या डोंगरी बचाव पथकांचं प्रशिक्षण मुळापासून बदललं.

मराठी भटक्याने या डोंगरांत जरूर जावं. दगडाची पारख, चढणीचा सराव, मुक्कामाची काटकसर हे सगळं त्याच्याकडे आधीच असतं. शिकायचं राहतं ते नकाशावाचन आणि हवा बिघडली की माथा शंभर मीटरवर असतानाही मागे फिरणं. स्कॉटलंडचा कायदा तुम्हाला कुठल्याही डोंगरावर जाऊ देतो. सुखरूप खाली आणायची जबाबदारी मात्र तुमच्यावरच सोपवतो.